तिथं गोंदण चालत नाही

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. देवापुढे तरी कबूल केलं असेल असं तुम्हाला वाटत असेल — तर तेही नाही. देवापुढे मी उभी राहते, पोरीचे मार्क मागते, नवऱ्याची शुगर कमी कर म्हणते, दिवा लावते आणि परत येते. ही गोष्ट मी मधे येऊच देत नाही. काहून येऊ देईन? मी काय वेडी आहे?

आता सांगायला बसली आहे तर सरळ सांगावं ना — पण सरळ सांगायची मला सवय नाही. मी आधी दुसऱ्यांची लायकी काढते, तो माझा जुना धंदा आहे. दुसऱ्यांना नावं ठेवता ठेवता आपल्यापाशी पोचायचं, आणि पोचल्यावर विषय बदलायचा. आज बदलणार नाही. पण सुरुवात तरी माझ्या पद्धतीने करू द्या.

चार वर्षं झाली असतील. आम्ही वरठीला राहतो, कारखान्याच्या कॉलनीत. नागपूरच्या पलीकडे, हायवेला लागून, तेव्हा एक बाजार नवीनच उघडला होता. त्याला बाजार म्हणायचं नाही बरं का — आउटलेट व्हिलेज म्हणायचं. परदेशी कंपन्यांच्या पर्सा, घड्याळं, सँडल. मागच्या वर्षी खपलं नाही ते यंदा अर्ध्या भावात. म्हणजे उरलेला माल. आमच्या इथली भाजीवालीही संध्याकाळी उरलेली वांगी स्वस्तात देते, पण तिच्या दारात कोणी गाडी करून जात नाही.

आणि गाव म्हणे! गुळगुळीत दगडांचा रस्ता, दोन्हीकडे कौलारू दुकानं, मधे एक खोटी विहीर, विहिरीवर खोटा रहाट. राहत कोणीच नाही. आमचं खरं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा बघायला चिटपाखरू आलं नव्हतं. आणि ह्या बिनमाणसांच्या गावात जायला आम्ही सहा बायका पंधरा दिवस आधीपासून तयारी करून राहिलो होतो. हसू येते ना? मलाही येत होतं. मी मनात हसायची आणि सगळ्यांत पुढे मीच असायची.

पुढारी बोंद्रे मॅडम. त्यांचे मिस्टर कारखान्यात आमच्या मिस्टरांच्या वरचे, म्हणून मॅडमही आमच्या वरच्या. त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. पहिला हुकूम — सगळ्यांनी फिक्या रंगाचे कपडे घालायचे, फोटोत श्रीमंत दिसते. दुसरा हुकूम — रस्त्यात तर्री-पोहे खायचे नाहीत, फिक्या कपड्यावर तर्री सांडली म्हणजे संपलं. नागपूरवरून जायचं आणि तर्री खायची नाही! मग तारीख. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं — एकीची एकादशी, एकीच्या पोराची परीक्षा, एकीची सासू ऐन वेळी आजारी पडायची धमकी देऊन राहिलेली. शेवटी एक रविवार ठरला. बँकेतल्या बाईने कोणत्या दुकानात आधी घुसायचं त्याची यादी टाकली. तिचा बेत असा की पर्स घ्यायची, फोटो काढायचा आणि आठ दिवसांत परत करायची. दुसऱ्या एकीने कंपन्यांच्या नावांचे उच्चार रेकॉर्ड करून पाठवले. आम्ही सगळ्या आपापल्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ते उच्चार पाठ करत होतो.

मी काय केलं सांगू? पुण्याच्या एका नातेवाइकाकडून अशाच एका कंपनीची कागदी पिशवी आली होती, दिवाळीच्या फराळाची. ती मी जपून ठेवली होती. व्हिलेजमधे शिरताना ती हातात धरायची, म्हणजे लोकांना वाटेल ही बाई नेहमीची गिऱ्हाईक आहे. तिला घड्या पडल्या होत्या म्हणून मी तिला इस्त्री केली. कागदाच्या पिशवीला इस्त्री. अशी बाई आहे मी, हे आधी कळू द्या.

गाडी ठरवली ती ड्रायव्हर सोडून सात जणींची. आम्ही सहा. म्हणजे एक जागा रिकामी होती. ही जागा लक्षात ठेवा.

आता ताई.

शेवंता, माझी मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चौथीत होती. त्यानंतर माझ्या वेण्या तिने घातल्या, माझ्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या, आणि मला शाळेत जाता यावं म्हणून स्वतःची शाळा तिने सोडली. आम्ही ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या पोरी. मी शिकली, कारखान्यातला नवरा मिळाला, कॉलनीत आली. ताई पाण्यातच राहिली. गाव उठल्यावर नव्या वस्तीत घर मिळालं, पण ती आणि भाऊजी अजूनही डोंगा घेऊन धरणाच्या पाण्यात मासे धरायला जातात. दर रविवारी सकाळी ती स्टीलच्या डब्यात मासे घेऊन माझ्याकडे येते — आधी बस, मग ऑटो, मग पायी. मागच्या दाराने येते, मोरीपाशी विळी घेऊन बसते, मासे साफ करून देते आणि जाते. पुढच्या खोलीत बसत नाही. बसू नको असं मी तिला कधी म्हटलं नाही. बस, असंही कधी म्हटलं नाही.

तिच्या उजव्या हातावर गोंदण होतं. मनगटापासून कोपरापर्यंत. ठिपक्यांच्या रांगा, एक तुळस, आणि मनगटाच्या वर दोन मासोळ्या, एकीमागे एक. हे मंडईतलं काम. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, दुकानं लागतात, आणि एका कोपऱ्यात गोंदणारीण सुया घेऊन बसलेली असते. आई गेली त्या वर्षी ताई मला घेऊन गेली होती. पहिली सुई टोचली आणि मी अशी बोंबलत सुटली की जिलेबीच्या दुकानाच्या मागे जाऊन लपली. आमच्या बायका मानतात, मेल्यावर सोनं-नाणं इथंच राहते, गोंदण तेवढं सोबत जाते. वर विचारतात म्हणे, काय घेऊन आली? मग ताईने काय केलं — माझ्या वाट्याची मासोळीही आपल्याच हातावर गोंदून घेतली. "तुयी माह्या हातावर हाये आता," म्हणाली, "विचारलं तं सांगजो, बहिणीपाशी ठेवली म्हणून." ती तेव्हा सतरा वर्षांची असेल.

झालं. आता मागे फिरायला जागा नाही.

तो बेत ठरला त्या रविवारी मी फोनवर बोलत होती — कोण कुठे बसेल, कोणी काय घालायचं. ताई मोरीपाशी मरळ साफ करत होती. मी फोन ठेवला. तिने वर न बघता विचारलं, "तुमच्या गाडीत एखांदी जागा हाये का व?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. ती पुढे बोलली, "मले कायी घ्याचं नाई. तू घे. मी बसतो एखांद्या झाडाखाली. आपण दोघी मंडईनंतर संग कुठी गेलोच नाई."

एवढंच मागितलं होतं हो तिने. एक दिवस. माझ्यासोबत. आणि माझ्या डोळ्यापुढे काय आलं? बोंद्रे मॅडमच्या फिक्या पोपटी कुर्त्याशेजारी ताईची जांभळी साडी. तिच्या पायातली रबरी चप्पल. ए.सी. गाडीतला मासळीचा वास. आणि तो हात, तो गोंदलेला हात, दुकानातल्या काचेवर ठेवलेला. मला ताईची लाज वाटली. आणखी दुसरं काही नव्हतं. लाजच होती.

नाही म्हणायची हिंमत पाहिजे ना? ती नव्हती. मग मी काय म्हटलं ऐका. तिच्याशी मी तिच्याच बोलीत बोलते — फक्त स्वयंपाकघरात. मी म्हटलं, "ताई, तिथं गोंदण चालत नाई."

"अगा बाप्पा! कायले?"

"मोठ्या लोकायची जागा हाये थे. भरतीत त्या पोट्ट्याले नाई का परत पाठवलं? तसंच."

ते खरं होतं. त्यांच्या वस्तीतला एक पोरगा सैन्याच्या भरतीला गेला होता, धावण्यात पुढे होता, आणि हातावर कोण्या पोरीचं नाव गोंदलेलं निघालं म्हणून त्याला घरी पाठवलं. वस्तीत महिनाभर तीच गोष्ट चालली होती. त्या खऱ्या गोष्टीला मी माझं खोटं असं शिवलं की टाका दिसू नये. स्वतःवर खूश झाली मी. काय डोकं चाललं, म्हटलं!

ताईने हात उलटापालटा करून बघितला. खवले चिकटले होते त्यावर. मग म्हणाली, "पदर घेतला तं?"

इथे तरी थांबावं की नाही? नाही थांबली. म्हटलं, "दारात मशीन असते. वाजते."

"अस्सं," ती म्हणाली, आणि मरळीचे तुकडे केले. मला वाटलं, सुटली. किती लवकर मानते ही! येडीच आहे, असंही मनात आलं. हो, आलं. लपवत नाही.

मधल्या रविवारी ती आली नाही. मासे भाऊजींनी कोणाजवळ तरी पाठवले. मी साधा फोनही केला नाही. पिशवी इस्त्री करत होती ना मी.

ठरल्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो. मौद्याच्या पुढे गेलो असू, भाऊजींचा फोन आला. म्हणाले, ताईचा हात फार सुजला, अंगात ताप आहे. "आज तुमच्या संग येणार होती म्हणते. तिच्यासाठी थांबू नका, असं सांगाले लावलं." गाडीत गाणी चालू होती. बोंद्रे मॅडम मागे वळून बघून राहिल्या होत्या. मी म्हटलं, "भाऊजी, आवाज येऊन नाही राहिला." आणि फोन कापला. आवाज घंटीसारखा स्वच्छ येत होता. कोण होतं, मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, मासेवाला.

व्हिलेजबद्दल काय सांगू? दारात मशीन होती, पिशव्या तपासायची. माझी इस्त्री केलेली पिशवी त्यातून गेली, कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आत प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या अंगावर गोंदण. मानेवर, पोटरीवर, बोटांवर. दार उघडणाऱ्या पोराच्या मनगटावर, पर्स दाखवणाऱ्या पोरीच्या कानामागे. आणि त्या खोट्या विहिरीच्या बाजूला एक दुकानच होतं, टॅटू काढायचं. बोंद्रे मॅडमनी मनगटावर फुलपाखरू काढून घेतलं. "आई गं, आई गं" करत होत्या आणि आम्ही पाच जणी टाळ्या वाजवत होतो. मीही वाजवल्या. सातव्या सीटवर येताना पिशव्या ठेवल्या होत्या.

बुधवारी मी वस्तीवर गेली. ताई खाटेवर बसली होती, हात उशीवर ठेवून. मला बघून अशी हसली की जणू आजारी मीच आहे. आमच्याकडे पायाच्या भेगांत बिबा घालतात. दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल निघते. ते तेल तिने गोंदणाच्या ठिपक्याठिपक्यावर घातलं होतं. दोन दिवसांत जात नाही म्हणून वरून चुना लावला. बिबा उतला. बिबा उतणं काय असते ते ज्याच्या कातडीवर उतला त्यालाच विचारा. कोपरापासून खाली सगळं लाल मांस, पाणी सुटलेलं, बोटं वांग्यासारखी फुगलेली. डॉक्टरला तिने सांगितलं होतं, मासोळीचा काटा लागला. लोक हसतील म्हणून.

ठिपके गेले होते. तुळस गेली होती. मनगटावरची एक मासोळी गेली होती. दुसरी तशीच होती, हिरवी, तिच्या चारीकडे जळलेलं. बिबा तिच्या काठापर्यंत आणून थांबवला होता.

मी तिच्याकडे बघून राहिली तशी ताई म्हणाली, "थे तुयी हाये. तुयी मी कशी जाळू?" आणि मग, जरा भीतभीतच, "एवढ्याशानं वाजते का व मशीन?"

सांगायला ह्याहून सोपी वेळ कधी मिळाली असती? खोलीत आम्ही दोघीच होतो. भाऊजी बाहेर जाळं शिवत होते. ताई, मशीन नाही, मी खोटं बोलली — किती शब्द आहेत हे? मी म्हटलं, "नाई. एवढ्याशानं नाई वाजत."

"मंग पुढच्या खेपी येतो," ती म्हणाली.

पुढची खेप मी येऊ दिली नाही. ती दोन वर्षं विचारायची, कधी जाता व, म्हणून. मी सांगायची, कोणी जात नाही आता. आम्ही मधे दोनदा जाऊन आलो. तिचा हात भरला, पण कातडी आखडली, मनगट पुरतं वळत नाही. जाळं फेकायचं सुटलं. आता भाऊजी फेकतात, ती डोंगा सांभाळते. आणि मंडईत शेजारणीची पोरगी गोंदायला बसली तर ताई तिला हाताला धरून उठवते — "नको गोंदू माय, मोठ्या जागी जाऊ देत नाईत." माझं खोटं ती वस्तीभर खरं म्हणून वाटून राहिली आहे. लोक तिचं ऐकतात. ती कधी खोटं बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या रविवारी बोंद्रे मॅडम आल्या. नवीन बेत घेऊन — ह्या वेळी जरा दूरचं, दुसरं एक व्हिलेज. पुढच्या दाराने आल्या आणि बोलत बोलत थेट स्वयंपाकघरात. ताई मोरीपाशी झिंगे साफ करत होती. ह्या कोण, असं मॅडमनी नजरेनेच विचारलं, आणि मी म्हटलं, "गावाकडच्या आहेत." ताईने ऐकलं. मान खालीच होती तिची.

मग मॅडमनी पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे केला आणि ताईने वर पाहिलं. ते फुलपाखरू तिच्या डोळ्यापुढेच होतं.

"हे कवा गोंदलं, मॅडम?"

"अहो, हे तिथलंच!" मॅडम खूश झाल्या. "आम्ही सगळ्या गेलो होतो ना, त्या व्हिलेजमधे, तिथे दुकानच आहे. तुमच्या ह्या मॅडमला किती म्हटलं मी, तूही काढून घे. घाबरल्या!"

हसल्या, पाणी प्यायल्या, तारीख कळव म्हणाल्या, गेल्या.

ताई झिंगे साफ करत राहिली. एकेक डोकं मोडायची, बाजूला टाकायची. मी ओट्याला टेकून उभी.

"मशीन नव्हती मंग?"

"वाजणारी नव्हती," मी म्हटलं. चार वर्षांत तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खरं. तेही तिने विचारलं म्हणून.

तिने रागवावं, रडावं, ते झिंगे माझ्या तोंडावर फेकावे — मी वाट बघत होती. ती फक्त म्हणाली, "नको येऊ म्हणली असती, तं मी आली नसती व."

मग तिने झिंग्यांना मीठ-हळद लावून ठेवली, नेहमीसारखी. डबा धुतला. डाव्या हाताने धुते ती आता. उजव्या हातावर पदर ओढून घेतला, त्या एका मासोळीवर. "येतो," म्हणाली, आणि मागच्या दाराने निघाली.

मी तिला गेटपर्यंत सोडायला गेली नाही. गेटपाशी बोंद्रे मॅडम अजून कोणाशी तरी बोलत उभ्या होत्या.

दुपारी मी ते झिंगे रांधले. नवऱ्याने दोनदा मागून घेतले. मीही जेवली, पोटभर.